धुतलेली मोहर

आता माझं वय झालं. काही सांगायचं म्हटलं तरी जिवावर येतं. पण कपाटातल्या रिकाम्या खणाकडं बघितलं की हे सगळं वर येतं, मग सांगून टाकावं वाटतं एकदाचं.

वालूरहून लग्न होऊन मी परभणीला आले ती दुसरेपणावर. मालक सराफ. मालक म्हणजे माझा नवरा, तेव्हा आमी असंच म्हणायचो. पहिली बायको तापानं गेलेली, मूलबाळ न्हाई, घरात फक्त सासूबाई. माझं वय पंधरा-सोळा, त्यांची पस्तिशी उलटलेली. निजामाचं राज्य होतं, बाजारात हाली रुपया चालायचा. काकानं स्थळ ठरवताना सगळं सांगितलं, एक सोडून. मालकांचे डोळे जायला लागले होते. बाजूचं काहीच दिसायचं न्हाई, समोरचं मधलं तेवढं थोडं, तेही उजेडात अन् भिंगातून. हैदराबादच्या डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं की गेलेली नजर परत यायची न्हाई. अंतरपाट दूर झाला अन् ते माझ्या कानाशेजारच्या भिंतीकडं बघत राहिले. मी मनात म्हटलं, लाजायलेत बिचारे. कसलं लाजणं अन् कसलं काय!

त्यांना एक नाद होता. अमेरिकेच्या जुन्या सोन्याच्या मोहरांचा. अमेरिका कुठं हाय ते मला आजही नीट ठाऊक न्हाई. मनमाडला गाडी बदलून ते दुकानासाठी सोनं आणायला मुंबईला जायचे. तिथं परदेशी मोहरा वितळवायला यायच्या. मुशीत पडायच्या आधी त्यातून निवडून काढायला एका पारशी व्यापाऱ्यानं त्यांना शिकवलं होतं. जी मोहर सगळ्या मुलखात फिरूनही झिजलेली न्हाई, जिच्यावरचं साल क्वचित मिळतं, ती हे सोन्याच्या भावापेक्षा जास्त देऊन घ्यायचे. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "सोनं ते सोनं. त्याला साल कामून बघायचं? बैल घ्यायचाय का?" म्हणायच्या.

सागवानी कपाटाला एक उथळ खण होता, आत हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड. त्यावर मोहरा ठेवलेल्या, एकेक मलमलच्या तुकड्यात. माझ्या लग्नाला महिनाही झाला नसेल, मालकांनी मला दुपारी ओसरीवर बोलावलं. खण पुढं ठेवला अन् म्हणाले, "हात धुवून ये. कोरडे कर. अन् मोहर काठाला धर, तोंडाला बोट लावलंस तर बघ."

असे आमचे संसाराचे पहिले शब्द. बाकीच्या नव्या नवऱ्या गजरे माळून मिरवायल्या होत्या अन् मी मोहरा धरायला शिकत होते.

मोहरेच्या एका बाजूला बाईचं तोंड. केस मागं बांधलेले, कपाळावर पट्टी, पट्टीत सात इंग्रजी अक्षरं, भोवती चांदण्या. दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला पक्षी. ते त्याला गरुड म्हणायचे, मला ती घारच वाटायची. पक्ष्याच्या खाली कधीकधी एक बारीक अक्षर असायचं. मोहर कोणत्या गावच्या टांकसाळीत पाडली ते त्यावरून कळायचं, अन् काही अक्षरं म्हणे लय दुर्मिळ. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षराचा आकार तर डोळ्याला कळतो. मी सांगायचे, "सरळ काठी अन् तिला पोट." ते खूश व्हायचे.

झीज कुठं सुरू होते ते त्यांनी शिकवलं. आधी कानावरचे केस सपाट होतात, मग पट्टीतली अक्षरं जातात, तिकडं पक्ष्याच्या मानेवरची पिसं. मोहरांच्या चार जाती होत्या. कोरी, चाललेली, झिजलेली, अन् धुतलेली. कोरी मोहर उजेडात जराशी तिरकी केली की तिच्यावरची चकाकी गोल फिरते. धुतलेलीची चकाकी फिरत न्हाई, एकाच जागी बसते, कल्हई केलेल्या पातेल्यासारखी. वर भिंगातून बारीक ओरखडे दिसतात, सगळे एकाच दिशेचे. असली मोहर त्यांच्या लेखी मेलेली. तिला फक्त वजनाचा भाव.

त्यांचे डोळे अधू होत गेले तसे माझे डोळे तयार झाले. मी बघायचं, मी सांगायचं, त्यांनी ऐकायचं. वर्षभरात असं झालं की मुंबईहून आणलेली मोहर आधी माझ्या हातात यायची. शेजारणी म्हणायच्या, "काय बाई, नवरा तुझ्यावाचून हलत न्हाई." खरंच हलत नव्हता. पण मला ते नको होतं. मला एवढंच पाहिजे होतं की त्या माणसानं, डोळ्यांत उजेड आहे तोवर, एकदा माझ्याकडं नीट बघावं. त्या अमेरिकेच्या बाईकडं तासन् तास बघत बसायचे. मी समोर मांडी घालून बसलेली, जिवंत, तोंडाला पावडर लावून. माझी नुसती विचारपूस व्हायची, केस शाबूत हायत का, अन् तेही मोहरेवरच्या बाईचे.

खणाच्या कोपऱ्यात एक मोहर होती, धुतलेली. पहिल्यांदा हाती आली तेव्हा मी मोठ्या हुशारीनं म्हटलं, "ही धुतलेली हाय. मोडीत काढा."

"असू दे," म्हणाले.

पुढच्या खेपेला परत तेच. मी म्हणायचे धुतलेली, ते म्हणायचे असू दे. शेवटी एकदा सासूबाईंसोबत ज्वारी निवडताना मी विचारलं, की एवढे कडक माणूस, मग ही मेलेली मोहर कामून ठेवली?

सासूबाई सूप न थांबवता म्हणाल्या, "तिनं धुतलेली हाय ती. तुझ्या सवतीनं."

मग सगळं कळलं. लक्ष्मीपूजनाला मालक मुंबईहून यायचे होते. त्या बाईनं त्यांना खूश करायला खणातल्या सगळ्या मोहरा काढल्या. लक्ष्मीपुढं मळकं सोनं कसं मांडायचं? तिनं रिठ्याच्या पाण्यात घातल्या, चिंच लावली, बारीक राखेनं खसाखसा घासल्या, अन् लख्ख करून ताटात मांडल्या. कुणीही बाई हेच करील, मी पण केलं असतं. मालक आले, ताट बघितलं अन् पूजेला आलेल्या लोकांसमोर ओरडले, "तुझे हात झडले असते तर बरं झालं असतं!" मग बोलणंच टाकलं तिच्याशी. दिवाळी सरली अन् तिला ताप भरला. आठवड्यात गेली. तोवर ते बोलले न्हाईत. बाकीच्या मोहरा त्यांनी मुशीत टाकल्या, ही एक ठेवली अन् खण नव्यानं भरायला घेतला.

ऐकून मला तिची कीव आली. खोटं कशाला बोलू, बरं पण वाटलं. म्हटलं, चला, तिच्याशी गोड नव्हते, म्हणजे माझी पाळी येईल.

पाळी कसली येतेय! माझ्या पोटातलं पहिलं राहिलं न्हाई. दुसरंही गेलं. मी अंथरुणाला खिळले, हातापायांच्या काड्या झाल्या. बाया कुजबुजायला लागल्या की सवतीचा टाक न्हाई हिच्या गळ्यात. आमच्याकडं रीत होती. दुसरेपणावर आलेल्या बाईनं मेलेल्या सवतीच्या नावानं सोन्याचा पत्रा, त्यावर बाईचं तोंड उमटवलेला, गळ्यात घालायचा. पहिला मान तिचा, मग ती त्रास देत न्हाई. सासूबाईंनी लग्नातच टाक करायला सांगितला होता, पण घरचे सराफ असून मालक अडून बसले होते. म्हणायचे, "एकाच ठशानं शंभर बायांची तोंडं ठोकतेत. तिचं तोंड त्यात कुठून येणार?"

आता मात्र सासूबाईंनी अन्न सोडायची धमकी दिली. मालक माझ्या अंथरुणाशेजारी येऊन बसले. म्हणाले, "मोहरेवर बाईचं तोंड असतंच. तिलाच कडी लावू. कोणती पाहिजे?"

मी म्हटलं, "ती धुतलेली द्या. न्हाईतरी वायाच गेलीय. अन् टाक सवतीचा, मोहर पण सवतीच्या हातची."

मला वाटलं, लगेच हो म्हणतील. जाळ मारून कडी डाखली की मोहरेची किंमत संपते, हे मला ठाऊक होतं. मी त्यांचं नुकसानच वाचवत होते.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "ती न्हाई. दुसरी कोणती पण घे."

अन् त्यांनी खणातली सगळ्यात चांगली मोहर काढायला लावली. कोरी. खाली ते दुर्मिळ अक्षर, काठीला पोट असलेलं. त्या पारशी व्यापाऱ्यानं तिच्यासाठी किती निरोप धाडले होते, तरी यांनी दिली नव्हती. दुकानातल्या कारागिरानं माझ्यासमोर फुंकणीनं जाळ मारला, वरच्या काठाला कडी डाखली. फिरणारी चकाकी जाळानं काळवंडून गेली अन् मी रडायला लागले. बायांना वाटलं, आनंदानं रडायलीय. सगळी गल्ली बघून गेली. "नशीब काढलंस! बायकोसाठी जीव टाकणारा नवरा," म्हणाल्या.

मला सगळ्यात चांगली दिली, हे खरं. अन् का दिली, ते मला त्याच दिवशी कळलं. ही देताना त्यांचं काहीच गेलं न्हाई. जिच्यात त्यांचा जीव होता ती खणातच राहिली.

पुढं मला मुलगी झाली, जगली. सगळ्यांनी टाकाला हात जोडले. मी पण जोडले, कोण वाद घालतंय!

मुलगी रांगायला लागली तेव्हाची गोष्ट. ते ओसरीवर भिंग घेऊन बसले होते, उन्हाच्या तिरिपेत. माझं डोकंच उठलं. म्हटलं, "सगळ्या अमेरिकेच्या बाया बघून झाल्या तुमच्या. एकदा माझ्याकडं बघा की! काय घोडं मारलं मी तुमचं?"

ते दचकले. मग उठून माझ्याजवळ आले, माझी हनुवटी धरली, भिंग माझ्या गालाजवळ आणलं. लय जवळ. त्यांचा श्वास लागत होता. मी पापणी हलवली न्हाई. किती तरी वेळ ते तसेच उभे राहिले अन् मग भिंग खाली घेतलं.

"नुसता उजेड दिसायलाय," म्हणाले. "कधीपासून असंच हाय. तू सांगतीस म्हणून भिंग धरतो."

मी पोरीला उचललं अन् चुलीकडं गेले. स्वयंपाक तर करायचाच होता.

नंतर निजामाचं राज्य जायच्या वेळचे धामधुमीचे दिवस आले. लोक बायका-पोरांना सरहद्दीपलीकडं धाडायला लागले, सोनंनाणं पुरायला लागले. मालक अंथरुणावर होते, छातीत पाणी झालं होतं, हलवता येत नव्हतं. सासूबाई तोवर गेल्या होत्या. मोहरा मडक्यात भरून जमिनीतल्या ज्वारीच्या पेवात ठेवायच्या ठरल्या. मी एकेक मलमलमध्ये गुंडाळत होते. ते म्हणाले, "ती वर राहू दे." कोणती ते मी विचारलं न्हाई. त्यांच्या हातात दिली.

मग ती त्यांच्या मुठीतच असायची. एके दिवशी सकाळी मी त्यांना पेज भरवली, तोंड पुसलं. त्यांनी मूठ उघडली अन् मोहर माझ्यापुढं धरली.

"बघ बरं," म्हणाले.

मला इतका शीण आला होता की काय सांगू. इतक्या वर्षांचं तेच ते. मी सवयीनं मोहर काठाला धरली, दारातल्या उजेडात जराशी तिरकी केली. चकाकी फिरली न्हाई. ओरखडे सगळे एकाच दिशेचे. मोहरेवरची बाई मुकाट. धुतलेली, असं म्हणायला मी तोंड उघडलं अन् त्यांच्याकडं बघितलं. ते कान देऊन पडले होते.

मी म्हटलं, "कोरी हाय. हातच लावला न्हाई कुणी हिला."

त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं, उशीवर उतरलं.

"खोटं बोलायलीस," म्हणाले.

मी मोहर परत त्यांच्या तळव्यावर ठेवली.

"परत एकदा म्हण."

मी परत म्हटलं. त्यांनी आणखी म्हणायला लावलं, मी म्हणत राहिले. कोरी हाय, कुणी घासली न्हाई, कुणी ओरडलं न्हाई. त्यांची मूठ मिटली, श्वास संथ झाला. मी पदरानं त्यांचे डोळे पुसले. माझ्या गळ्यातली मोहर पुढं लोंबत होती, त्यांच्या हाताला लागत होती. तिच्या पट्टीतली अक्षरं माझ्या अंगावर झिजून गेली होती. तिच्याबद्दल त्यांनी कधीच विचारलं न्हाई.