पाटावरचे दोन कीबोर्ड

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरात आम्ही दोघेच होतो, मी आणि पत्नी नीलिमा. मी सोसायटीचा जमाखर्च लिहायला बसलो, पण बिनतारी कीबोर्डवर 'पाणीपट्टी' कितीदाही टंकले तरी पडद्यावर उमटेना. बॅटऱ्या बदलून पाहिल्या. माऊसही ढिम्म होता. मग माझे हात मांडीवर असताना पडद्यावर आपोआप अक्षरे आली: "दादा, आई गेली तेव्हा मी तुला नको ते बोलले."

मी चक्रावलो. नीलिमाने तिच्या भावाशी धरलेल्या अबोल्याचे तिला आता काही वाटत नाही, असे मी धरून चाललो होतो.

काल पूजेला आमच्या दोन्ही संगणकांचे कीबोर्ड आणि माऊस एकाच पाटावर मांडले होते, दिसायला अगदी सारखे. उचलताना अदलाबदल झाली असणार. शेजारच्या खोलीत ती नेहमीप्रमाणे कळांकडे बघत टंकत होती. एवढे कळले, तरी करावे काय ते कळेना. मधे एकच भिंत, आणि पलीकडचे माणूस आपल्याला किती थोडे ऐकू येते.

"अगं, तुझं पत्र इकडे उमटतंय," मी शेवटी म्हणालो.

"आणि इथे नुसती पाणीपट्टी, पाणीपट्टी. दादाला हेच पाठवते." मग खुर्ची सरकवत, "वाचलंत?"

"वाचलं."

ती आली. उभ्यानेच तिने ती ओळ वाचली.

"पुसू का?"

"नको. परत लिहायला जमणार नाही मला. उठा जरा."

तिकडचा कीबोर्ड आणून ती माझ्या खुर्चीत बसली. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतले.