पट्ट्यावरचा पंप

साठी उंबरठ्यावर आली तरी त्याला सगळे धाकटाच म्हणत. गॅरेजात येणारी गिऱ्हाइकंसुद्धा दारातून विचारत, "धाकटे आहेत का?" थोरला होता ना. थोरला असेपर्यंत धाकट्याला दुसरं नाव कशाला लागतंय?

थोरला म्हणजे दादा. मोटार शिकवण्याच्या शाळेत शिक्षक. निम्म्या गावाने त्याच्या शेजारी बसून पहिला गिअर टाकलेला. कुणी भर चौकात गाडी बंद पाडली की लोक म्हणायचे, हा काही दादाचा शिष्य नव्हे. धाकटा इंजिनाचा माणूस. लग्नाच्या फंदात पडला नाही. गॅरेजाच्या वरच्या खोलीत झोपायचा आणि जेवायला भावाकडे जायचा. गॅरेजाच्या आतल्या कोपऱ्यात दोघांची मिळून एक गाडी होती, शर्यतीची. तिच्यातला खिळा न् खिळा धाकट्याच्या हातचा, आणि ती चालवायची फक्त दादाने.

शर्यत भरायची गावाबाहेर, विमानं यायची बंद झाली त्या जुन्या धावपट्टीवर. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, खांबावरचा हिरवा दिवा लागतो आणि दोन्ही नाकासमोर सुटतात. पाव मैल. आलेली शिंक पुरी होईपर्यंत निकाल लागलेला असतो. तेवढ्यासाठी हे दोघे भाऊ वर्षभर हात काळे करून घ्यायचे.

त्या वर्षी गाडीचा पाण्याचा पंप गळायला लागला. इंजिनातून पाणी फिरवून ते थंड ठेवणारा हा पंप. एरवी नवा आणला की झालं, पण शर्यतीच्या गाडीत तेवढ्याने भागत नाही. एक पंप पट्ट्यावर चालतो: इंजिन फिरलं की पट्टा फिरतो, पट्टा फिरला की पाणी. पण तो इंजिनाच्याच तोंडचा घास खातो, म्हणजे तेवढी ताकद चाकाकडे कमी जाते. दुसरा बॅटरीवरचा. तो इंजिनाकडे काही मागत नाही, शिवाय इंजिन बंद करून गाडी उभी केली तरी पाणी फिरवत राहतो. आणि ही गाडी धावताना नव्हे, दोन फेऱ्यांच्या मधे उभी असतानाच खरी तापायची.

"बॅटरीवरचा घेऊ," धाकटा म्हणाला.

"पट्ट्यावरचा बरा," दादा म्हणाला. "इंजिन फिरलं की पाणी फिरलं. कुणी काही लक्षात ठेवायला नको."

धाकट्याने त्याला सगळं समजावून सांगितलं. दादाने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा चहाचा कप घेऊन गॅरेजात आला, गाडीजवळ वाकला आणि म्हणाला, "मग, पंप कोणता घ्यायचा?"

धाकट्याला वाटलं, याला पटलेलं नाही, आडून सुचवतोय. त्याने पुन्हा सांगितलं. दादाचं उत्तर शब्दाला शब्द तेच: पट्ट्यावरचा बरा, कुणी काही लक्षात ठेवायला नको. असं कितीतरी सकाळी झालं. एकदा धाकटा वैतागून जेवणाच्या ताटावर म्हणाला, "वहिनी, सांगा हो तुम्ही याला. गाढवापुढे वाचली गीता!"

वहिनी हसल्या. "माझ्याशी लग्न ठरवताना यांनी एवढा विचार केला असता तर बरं झालं असतं, भावजी." पण त्या हसल्या त्या वाढताना, मान खाली घालून. धाकट्याचं लक्ष आमटीकडे होतं.

शेवटी त्याने आपल्या मनासारखं केलं. बॅटरीवरचा पंप बसवला, पट्टा काढला. मुख्य बटण दाबलं की पंप आपोआप चालू व्हावा अशी तार जोडली, म्हणजे दादाला खरंच काही लक्षात ठेवायला नको.

सरावाच्या दिवशी ऊन चांगलंच तापलं होतं. वहिनीही बघायला आल्या होत्या. पहिल्याच फेरीत दादा असा सुटला की शेजारच्या गाडीवाल्याने हेल्मेट काढून कपाळाला हात लावला. आजवरचा सगळ्यात कमी वेळ. धाकटा पोरासारखा उड्या मारत धावपट्टीच्या टोकापर्यंत गेला. गाडी परत आणून तंबूच्या सावलीत लावली, इंजिन बंद केलं. पंप बारीक आवाजात गुणगुणत होता, तापमानाचा काटा हळूहळू खाली येत होता. "हेच!" धाकटा म्हणाला. "यासाठीच तर केलं." आणि तो पुढच्या फेरीची चौकशी करायला गेला.

परत आला तर गुणगुण बंद. काटा वर चढत होता.

"दादा, बटण कुणी बंद केलं?"

"मी केलं. काहीतरी गुणगुणत होतं. म्हटलं, चुकून चालू राहिलं असेल."

"अरे, तो पंप आहे. चालूच ठेवायचा."

"असं होय! बरं बरं."

धाकट्याने बटण चालू केलं आणि पाणी आणायला नळावर गेला. बादली घेऊन आला तर पुन्हा शांतता.

"दादा?"

"काहीतरी गुणगुणत होतं," दादा म्हणाला, तोच चेहरा, तोच सूर. "म्हटलं, चुकून चालू राहिलं असेल."

चेष्टा असती तर डोळ्यांत कळली असती. धाकट्याने बादली खाली ठेवली आणि वहिनींकडे पाहिलं. त्या घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडवत.

"शाळेने कधीच काढून टाकलंय त्यांना," दादा जरा लांब गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या. "एका मुलीला समोरून गाड्या येणाऱ्या रस्त्यात वळायला सांगितलं. ती रडत घरी गेली. तरी रोज कपडे करून बाहेर पडतात आणि तुमच्याकडे येऊन बसतात. परवा पाव आणायला गेले ते सापडेनात."

"आणि तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"वाटलं, निदान गाडीत तरी ते जसेच्या तसे असतील. बघितलंत ना मघाशी? होतेच की."

होताच. धाकट्याने ती पहिली फेरी पाहिली होती. उरलेल्या फेऱ्या रद्द करून ते घरी आले. वाटेत दादाने विचारलं, "आपण जिंकलो का रे?"

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गेलेलं परत येत नाही, म्हणाले. गोळ्यांनी जाण्याचा वेग फार तर थोडा कमी होईल. गाडी चालवायची नाही. वहिनींनी मान हलवली. धाकट्याने नाही हलवली.

त्याने काय करावं? बॅटरीवरचा पंप उतरवला आणि पट्ट्यावरचा चढवला. फालतू बटणं काढून टाकली. गाडीत जे जे लक्षात ठेवावं लागत होतं, ते एकेक करून उपटलं, जणू हातातला पाना फिरवून दादाच्या डोक्यातलंही काही घट्ट बसणार होतं. पट्टा ताणून बसवताना त्याच्या मनात येऊन गेलं, दादा पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता. वाद नव्हता घालत तो, गयावया करत होता. आपण मात्र त्याला ताकदीचा हिशोब ऐकवत बसलो.

धावपट्टीचा राखणदार जुना ओळखीचा. धाकट्याने त्याच्या हातापाया पडून एक सकाळ मागून घेतली. एकटी गाडी, शेजारी कुणी नाही, बघायला कुणी नाही. "एकच फेरी," तो म्हणाला. वहिनी आल्या नाहीत. दारात एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे तुम्ही त्यांच्यासाठी करताय की तुमच्यासाठी?"

दादाने हेल्मेट नीट चढवलं. इंजिन पहिल्या हाकेला उठलं. गाडी रेषेवर आणून उभी केली ती अगदी तोलून, पूर्वीसारखी. धाकट्याच्या छातीत एकदम आशा दाटून आली, वेड्यासारखी. राखणदाराने दिवे लावले. पिवळा. हिरवा.

गाडी हलली नाही.

इंजिन धडधडत राहिलं. हिरवा दिवा लागून राहिला. धाकटा कडेला उभा राहून मनात म्हणत होता, सूट, दादा, सूट आता. मग तो चालत गाडीपाशी गेला. काटा बरोब्बर मधे होता. पंप उत्तम चालला होता. दादाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि डोळे समोर, दिव्यावर.

"दादा, हिरवा लागला."

"हो, लागलाय की."

"मग?"

दादाने वळून पाहिलं. काचेआड त्याचे डोळे घाबरलेले होते, पहिल्या दिवशी शिकायला आलेल्या पोराचे असतात तसे.

"मग काय करायचं असतं?"

धाकट्याने आत हात घालून इंजिन बंद केलं. दोघांनी गाडी ढकलत मागे आणली. ढकलायला मात्र दादाने चांगला जोर लावला.

त्यानंतर गाडी कोपऱ्यातच राहिली. विकायची म्हटली तर बैठक दादाच्या मापाची, स्टिअरिंग दादाच्या हाताला बेतलेलं; बघायला आलेले दोघे-तिघे हात लावून निघून गेले. दादाला वहिनी सकाळी गॅरेजात आणून सोडत आणि घरची कामं उरकली की घेऊन जात. तो स्टुलावर बसे. कुणी गिऱ्हाईक आलं की उठून नमस्कार करी. हल्ली तो पंपाचं विचारत नसे, आणि ती कटकट एकदाची थांबली याचं धाकट्याला इतकं वाईट वाटे की त्याचं त्यालाच नवल वाटे.

एके दिवशी धाकटा बाकाशी काम करत असताना मागून आवाज आला, "अहो."

त्याला वाटलं, कुणीतरी आलंय. वळून पाहिलं तर दादाच होता.

"अहो मिस्त्री, ही कोपऱ्यातली गाडी कुणाची?"

जन्मात दादाने त्याला अहो म्हटलं नव्हतं. अरे, गाढवा, धाकट्या. मार खाताना, पाठीवर थाप खाताना, आई गेली त्या दिवशी, कायम अरेच. धाकट्याने हात पुसले. पुसायला बराच वेळ लावला.

"गिऱ्हाइकाची आहे," तो म्हणाला.

"चांगली ठेवलीय तुम्ही."

"हो. चांगला माणूस आहे तो."

दुपारी त्याने गाडीखाली बादली सरकवली. फार दिवस बंद राहणाऱ्या इंजिनात नुसतं पाणी ठेवत नाहीत, आतून गंजतं. त्याने रेडिएटरची खालची नळी सोडली आणि पाणी बादलीत पडू लागलं. दादा स्टूल ओढून जवळ येऊन बसला आणि ते पडताना बघत राहिला, फार लक्ष देऊन, कुणी काम शिकवत असल्यासारखा.

"याच्यानंतर काय करायचं, मिस्त्री?"

"काही नाही," धाकटा म्हणाला. "तुम्ही बसा आरामात. वहिनी येतील इतक्यात."

"कोण वहिनी?"

धाकट्याने नळीवरचा हात काढला नाही. पाण्याची धार बारीक होत गेली आणि थेंब पडू लागले.