एक लाख तीनचे वाटे

महाडच्या स्थानकात पोलादपूरच्या एसटीची वाट पाहत मी गणिताचा गृहपाठ करत होते. एक लाख तीन ही संख्या कशाने भागली जाते, ते शोधायचं होतं. शेजारी कुडपण गावचे एक म्हातारे बाबा दमून टेकले होते.

“काय गो, कोणाचे वाटे करतेस?”

“संख्येचे. सारखे होतच नाहीत. दर वेळी काहीतरी उरतं.”

गावच्या प्रसादाचे घरटी वाटे करणं हे त्यांचं काम. बोलताना त्यांची बोटं रिकाम्या बाकावर जणू वाट्यांची पानं मांडत होती.

“निम्म्या घरांना कुलपं हायत. पोरं म्हणतात, बंद घरांचे वाटे नको. कावळेच खातात. पण वाटा नाय पाडला, तर ते घर गावात हाय कसं म्हणायचं?”

शेवटी तीनशे तेरानेही भाग गेला नाही; त्यापुढे तपासायची गरजच नव्हती. “मूळ संख्या आहे, बाबा. एकाने भागते, नाहीतर स्वतःनेच.”

“म्हणजे सगळा प्रसाद एकाच घराला.” त्यांनी डोळे मिटले. “आमचा गाव पण तिकडंच चाललाय.”

एसटी लागली. मी चाचरत विचारलं, “उमरठला, आमच्या गावी, आमच्या घरालाही कुलूप आहे. आमचा वाटा पडत असेल का?”

त्यांच्या बोटांनी बाकावर आणखी एक पान मांडलं.

“माझ्यासारखा कोण असला तिथं, तर पडत असंल गो.”