फक्कीची अक्षरं

माझ्या ताईइतका तोंडाने कमी आणि बोटाने जास्त बोलणारा माणूस मुळशी तालुक्यात दुसरा झाला नसेल. तिच्या शाळेची वाट विचारली की ती ताटातल्या आमटीतून रस्ता काढायची आणि भाताच्या डोंगरामागे शाळा म्हणून लोणच्याची फोड ठेवायची. डॉक्टरांनी कुठे दुखतंय विचारलं, तर त्यांच्याच टेबलावरच्या धुळीत तिने स्वतःचं पोट काढलं. पहिली-दुसरीची मुलं ती वर्गात क्वचितच बसवी. "काहींना ऐकून कळतं, काहींना बघून. बघणाऱ्यांना आपण उगाच ढ म्हणतो," असं म्हणत कबड्डीच्या रेषांसाठी आणलेली फक्की ती पटांगणभर अक्षरं काढण्यात संपवायची आणि पोरांना त्यांवरून चालवायची.

दुसरीत एका धनगराची मुलगी होती. फळ्यावरचं अक्षर काही तिला वाचता येईना. "हिच्या डोक्यात काय बी ऱ्हात न्हाई, बाई. मेंढरांमागं धाडतो," बाप म्हणाला. पण ताईने तिला काठीने मातीत घरापासूनची वाट काढताना पाहिलं होतं. ओढा, वळणं, आंबा, सगळं जागच्या जागी. "होळीपर्यंत ठेवा," ताई म्हणाली. बाप स्वतः एकदा एसटीची पाटी वाचता न आल्याने करडासकट उरवड्याला पोचला होता. तो म्हणाला, "पिरंगुटच्या फाट्यावर आमची गाडी वळखून दावली, तर ऱ्हाऊ द्या शाळंत."

मग ती मुलगी गावांची नावं पायांनी वाचू लागली. वेलांट्या म्हणजे घाटाची वळणं, काना म्हणजे दाव्याची मेख.

परीक्षेला मीही फाट्यावर होतो. पहिली गाडी आली. मुलीने हवेत बोट फिरवलं. "उरवडे. हिच्यात न्हाई बसायचं, आबा. ही तुमची त्या दिवशीची."

दुसरी आली. "ताम्हिणी. ही आपली."

बापाने तरी कंडक्टरला विचारलंच. "पाटी वाचता येत न्हाई व्हय?" तो खेकसला.

"मला न्हाई," बाप छाती काढून म्हणाला, "माझ्या पोरीला येतीया."

ताईने गाडीच्या धुळकट पत्र्यावर बोटाने भलामोठा सूर्य काढला, आणि गाडी तो घेऊन घाटाकडे निघाली.

यंदा ताई गेली. तेराव्याला सुतक फिटलं, तरी दारात रांगोळी काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. ती मुलगी, आता चौथीतली, बापाबरोबर आली. तिने पिशवीतून फक्की काढली आणि अंगणभर 'बाई' लिहिलं, थेट उंबऱ्यापर्यंत.

"मामा, ह्याच्यावरनं चला."

"पुसेल गं."

"पुसू द्या. बाई म्हणायच्या, पुसलं म्हंजी पायात शिरलं."

मी चपला काढल्या आणि 'बा'पासून सुरुवात केली.