आत्याच्या ताब्यातलं घर

आमची आत्या फोनवर कधी "हॅलो" म्हणाली नाही. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "घर जागेवर हाय." जणू मी पुण्यात राहतो म्हणून बीडचं घर उठून कुठंतरी चालू लागणार होतं.

तुमच्यापैकी ज्यांचं घर एका गावात आणि पोट दुसऱ्या गावात आहे, त्यांना अशा आत्याची किंमत मी सांगायला नको. वडील गेल्यावर बीडचं तीन खोल्यांचं घर माझ्या नावावर झालं आणि कारभार तिच्याकडे गेला. ती बीडजवळच्या पालीला राहायची. हातातलं काम आटोपलं की रिक्षात बसून यायची, भिंतीला कुठं ओल आलीय का बघायची आणि परत जायची.

भाडेकरू निवडायची तिची तऱ्हा जगावेगळी होती. घर बघायला आलेल्याला ती घर दाखवायचीच नाही. आधी त्याच्या राहत्या घरी जायची आणि प्यायला पाणी मागायची. एकदा मी पुण्यातूनच बँकेतल्या एका साहेबांना होकार देऊन बसलो. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"घर जागेवर हाय. साहेबाकडं गेलते. माठावर झाकण न्हाई. नगं."

"आत्या, मी शब्द दिलाय त्यांना!"

"मग तूच ये रोज झाकण ठिवायला."

पुढे गॅरेजवाल्या एका मिस्त्रींचं कुटुंब आलं. त्यांच्या माठावर झाकण तर होतंच, वर पेलाही पालथा घातलेला होता. आत्याने तिथंच किल्ली देऊन टाकली. ते लोक सात वर्षं राहिले, आणि मला एकदाही त्यांचा त्रास झाला नाही.

मग मला पुण्यात फ्लॅट घ्यायचा होता. त्यासाठी बीडचं घर विकणं भाग होतं. गिऱ्हाईकही मिळालं. महिनाअखेर घर रिकामं हवं, असं मी आत्याला सांगितलं. "करते," ती म्हणाली. पुढच्या फोनला म्हणाली, "करतेय की." मी निर्धास्त झालो.

ठरल्या दिवशी गिऱ्हाइकाला घेऊन गेलो, तर दारातच ओवा-शेपांच्या धुरीचा वास आला. मिस्त्रींची लेक बाळंतपणाला आली होती. आत्या पाय पसरून बसली होती आणि पायांवर घेतलेल्या तान्ह्या पोराला तेल चोळत होती.

"हे काय? रिकामं करते म्हणालीस ना?"

"पोरगी पहिलटकरीण हाय. तिचं म्हायेर कसं रिकामं करू? सव्वा महिना होऊ दे."

"मग तसं सांगायचं होतंस फोनवर!"

"आयकलं असतंस?"

ऐकलं नसतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हतं. ते तिथूनच मांजरसुंब्याच्या रस्त्याला दुसरं घर बघायला निघून गेलं. माझं डोकं फिरलं. मिस्त्री, त्यांची बायको, ती बाळंतीण, सगळ्यांदेखत मी म्हणालो, "घर माझं आहे आत्या, तुझं नाही." आजही ते वाक्य आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तिने पोर त्याच्या आईजवळ दिलं. हात पुसले. कमरेची दुसरी किल्ली सोडवून माझ्या हातावर ठेवली. "तुझंच हाय बाबा," एवढं म्हणाली आणि रस्त्यावर जाऊन रिक्षाची वाट बघत उभी राहिली. मी तिला सोडायलाही गेलो नाही.

सव्वा महिना झाला त्याच आठवड्यात मिस्त्रींनी न सांगता घर सोडलं. त्यानंतर दीड वर्ष घराला ना गिऱ्हाईक मिळालं, ना धड भाडेकरू. आत्याला फोन केला की ती माझ्या पोरांची तब्येत विचारायची, घराचं नाव काढायची नाही. माफी मागायचं मी प्रत्येक वेळी पुढच्या फोनवर ढकलत राहिलो, आणि एक दिवस ती गेल्याचाच फोन आला.

दहाव्याला पालीला गेलो. भावकीपासून जरा बाजूला दहा-बारा अनोळखी माणसं उभी होती. त्यांच्यात मिस्त्रीही होते, नातवाला कडेवर घेऊन. त्यांनी मला ओळखलं, पण जागचे हलले नाहीत. कडा गावाहून सकाळच्या बसने आलेली एक म्हातारी मात्र माझ्याजवळ आली.

"आमच्या घरमालकीण होत्या," ती डोळे पुसत म्हणाली. "माज्या दोन्ही लेकींची बाळंतपणं त्यांच्याच बीडच्या घरात झाली. तुमी कोण त्यांचे?"

मिस्त्री माझ्याकडे बघत होते.

"भाचा," मी म्हणालो.