पुसायचा हक्क

तुमच्या घरात लोक तुमच्यापेक्षा जास्त भरवसा कुणावर ठेवतात, हे तुम्ही कधी स्वतःला विचारलंय का? मी विचारलं, आणि दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आमच्या वहिनीइतकी संशयी बाई अख्ख्या जालना जिल्ह्यात नसेल, आणि तरी आमचं अर्धं गाव, अर्धी आष्टी, आपली कागदपत्रं तिच्याकडे आणून देते. लोकांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा अशी पत्रकं मी काढतो. विश्वास मात्र तिला मिळतो!

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, माहेर घनसावंगीचं. दूरच्या शहरांतल्या कंपन्यांचे सर्व्हर ती आमच्या माडीवर बसून सांभाळते. तिथे शिरायला नुसता पासवर्ड तिला चालत नाही. किल्ली लागते, म्हणजे लॅपटॉपमधली एक फाइल, आणि जोडीला दर वेळी फोनवर येणारा आकडा. सकाळी आम्ही पेपर वाचतो. ती आदल्या दिवशी कुणी कुणी दार हलवून पाहिलं त्याची नोंद वाचते, चवीने. तीनदा चुकणाऱ्याला थोडा वेळ बाहेर ठेवायचा, हा सर्व्हरचा नियम तिने घरातही आणला. सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या काकांनी, तिसऱ्यांदा वायफायचा पासवर्ड विचारला तेव्हा म्हणाली, "आता दहा मिनिटांनी विचारा, मामा." आणि माझ्यावर मिठावरून डाफरणारा हा माणूस घड्याळाकडे बघत गुमान बसला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पत्रकं काढणारा आमचा एक गट आहे; त्याची जुनी पत्रकं तिनेच एका सर्व्हरवर चढवून दिली होती. त्यांत माझ्या वडिलांनी लिहिलेलीही होती. मूळ कागद वाळवीने खाल्ले, त्यामुळे उरली ती तेवढीच. मी सर्व्हरचे पूर्ण हक्क मागितले.

"लिहायचा हक्क घ्या ना, भाऊजी. पुसायचा कशाला पाहिजे?"

"माझ्या बापाची पत्रकं आहेत ती!"

"म्हणूनच."

पूर्ण हक्क तिने दिले वाटूरच्या विमलबाईंना. निवृत्त शिक्षिका, एका बोटाने टाइप करतात. का, तर "त्यांना काही पुसायची भीती वाटती. तुम्हाला वाटत न्हाई." भीती ही पात्रता? मी पेटलो. ज्ञान सगळ्यांचं असतं, असं लिहून मी मला मिळालेली लिहायच्या हक्काची किल्ली गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकून दिली.

आठवड्याभराने तिच्यासमोर चहा पीत होतो. फोन वाजला. "भाऊ, आकडा आल्ता का? सांगा जल्दी." मी सांगितला.

वहिनीचा कप हवेतच थांबला. "कोण होता?"

"गटातला."

"नाव?"

"असंल कुणीतरी."

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तिथे मी, म्हणजे माझ्या नावाने कुणीतरी, आत शिरून एकेक पत्रक पुसायला निघाला होता. प्रत्येकापुढे मशीन सांगत होतं, परवानगी नाही. वडिलांच्या पहिल्या पत्रकापुढेही तेच, परवानगी नाही. वहिनीने दोन ओळी टाइप करून माझी किल्ली रद्द केली आणि म्हणाली, "चहा निवून राह्यला, भाऊजी."

आभार मानायला हवे होते. मी म्हणालो, "पत्रक काढीन तुमच्यावर."

"काढा. फक्त त्यात किल्ली छापू नका."

मागच्या महिन्यात भावाची बदली हैदराबादला झाली. सामान भरून गाडी दारात उभी होती आणि ही पायरीवर बसून विमलबाईंशी फोनवर बोलत होती, "हां बाई, आता सर्व्हरवरून माझं नाव काढा." मला राहवलं नाही.

"तुमची किल्ली राहू द्या ना, वहिनी. तुमच्यावर कोण संशय घेणार?"

"काम सोडलं ना मी. मंग किल्ली कशाला?"

मग तिने स्वतःच आत शिरायचा प्रयत्न केला. मशीनने तिला, जिने ते उभं केलं तिला, बाहेर ठेवलं. "बराबर," ती म्हणाली, लॅपटॉप मिटला आणि गाडीत बसली. आजवर तिच्या कशाकशावर मी जळलो. त्या मिटण्यावर सगळ्यात जास्त. स्वतः उभारलेल्या गोष्टीतून असं हात झटकून मला कधी उठता येईल असं वाटत नाही.

तुमच्या संस्थेत, मंडळात, शाळेत काम सोडून गेलेल्या कुणाची किल्ली अजून चालू असेल, तर ती आजच बंद करा. पण त्याआधी त्या माणसाला एक फोन लावा, आणि त्याने जे सांभाळलं त्याबद्दल नीट आभार माना.