राखेनं घासलेली गाडी

आमच्या गल्लीतली सरिता वाळूजच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. हात झपाट्याचा. घरातली तांब्या-पितळेची भांडी अशी की तोंड बघून घ्यावं. त्यासाठी तिला नारळाची शेंडी आणि बंबातली राखच लागते, दुसरं काही चालत नाही. त्याच हातानं तिनं नवऱ्याची गाडी घासली.

तिचे मिस्टर सोमनाथ चंदेरी रंगाच्या गाडीतून भाड्यानं पाहुण्यांना वेरूळला नेत. गेल्या वर्षी माघात लोक लेणी बघायला उतरले आणि सोमनाथ गाडीत बसल्या जागी गेले. बाकीच्या ड्रायव्हरांनी दार उघडून बाहेर काढलं. गाडी नंतर दिरानं घरी आणून लावली. ड्रायव्हरच्या दारावर धुळीत हातांचे सात-आठ ठसे उमटलेले होते. सुतकाचे दिवस सरिता रोज सकाळी त्या दारापुढं नुसती उभी राहायची.

दहाव्याला सगळं घर धुवायला काढलं. थोरली नणंद वच्छलाबाई म्हणाल्या, "सरिता, गाडी बी घासून घे. मयत झालंय तिच्यात."

सरितानं राखेची पाटी घेतली, शेंडी घेतली, आणि पातेलं घासावं तशी टपापासून खालपर्यंत गोल गोल घासत सुटली. ते दार सगळ्यात जास्त. मी ओट्यावरून बघत होते. अडवायला पाहिजे होतं, पण सुतक फेडायचं म्हणजे घासायचं, एवढंच आम्हा बायकांना ठाऊक.

वाळल्यावर गाडीचाच रंग राखेचा झाला. आणि ऊन पडलं की पत्र्यात वर्तुळं उठायची. मध्ये उन्हाचा ठिपका, भोवती बारीक रेघांची कडी. थेट डोळा. आपण डावीकडं सरकलो की तोही डावीकडं सरकायचा.

"काकू, ते बघतात माझ्याकडं," सरिता एकदा हळूच म्हणाली. "त्या ठशांत एक त्यांचा होता. कोणता ते ठरायच्या आत मी पुसून टाकला."

मी तिला घृष्णेश्वराला नेलं. अभिषेक केला, तिथला अंगारा आणून बॉनेटला लावला. मला वाटलं, आता शांत होईल. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तर डोळा तिथंच. देवाला दोष देणारी मी कोण, पण त्या दिवसापासून मीही त्या गाडीकडं पाठ करून जायला लागले.

वर्ष भरलं. तिची मुलगी श्रेया बिडकीनला नोकरीला लागली. गाडी चालवायला शिकली होती.

"आई, उभी राहून सडतीय. मी नेत जाते."

"त्या गाडीत नाय बसायचं."

"का पण?"

"रंग बघ तिचा. लोक हसतील."

"रंगाचंच आहे ना? मग रंग नीट करते."

सरिता आपल्याच शब्दात अडकली. खरं कारण लेकीला सांगायची तिची छाती होईना.

गॅरेजवाला म्हणाला, सगळी गाडी रंगवा. तेवढे पैसे कुठले! गल्लीतून सल्ले आले. कुणी टूथपेस्ट सांगितली, कुणी खोबरेल. खोबरेलानं गाडी दुपारपर्यंत चमकली, संध्याकाळी रस्त्याची सगळी धूळ अंगावर घेऊन बसली. शेवटी श्रेयानं मागच्या गल्लीतल्या चांदपाशाभाईंना आणलं. वाळूजला गाड्या रंगवण्यात त्यांची उमर गेलेली.

त्यांनी गाडी सावलीत लावली, शाम्पूनं धुतली. "ताई, रंगावर काचेसारखा पातळ थर असतो. चरे त्याच्यात पडलेत. रबिंगच्या लेपानं घासून हळूहळू सपाट करायचे. फडकं पांढरं राहिलं तोवर खैर. फडक्यावर चांदी उतरली की हात काढून घ्यायचा."

जुन्या सुती धोतराचं फडकं, रबिंगचा एक डबा, मेणाचं पॉलिश, बस. वीतभर जागा घ्यायची, सरळ हात मारायचा, पुसायचं, फडकं बघायचं. दोन रविवार गेले. बॉनेट उजळलं, टप उजळला. गाडी ढकलून उन्हात आणली तेव्हा सरिता बाहेर आली. डावीकडं सरकली, उजवीकडं सरकली. नुसता उन्हाचा ठिपका. भोवती काही नाही.

"गेले," ती म्हणाली. आवाजात सुटका होती की काय होतं, मला कळलं नाही.

राहिलं होतं ते ड्रायव्हरचं दार. चांदपाशाभाईंनी दोन हात मारले आणि थांबले. फडक्यावर चांदी उतरली होती.

"या अल्ला! इथं कुणी एवढं घासलं? थरच नाही राहिला."

"मी," सरिता म्हणाली. मग लेकीकडं बघून ठशांचं सगळं सांगितलं, पहिल्यांदाच.

श्रेया दाराकडं वळली. "दार तर लोकांनी उघडलं आई. बाबांचा हात बाहेरून कसा असेल?"

"सकाळी निघताना त्यांनीच उघडलं होतं."

श्रेयानं आईचा दंड धरला.

चांदपाशाभाईंनी फडकं घडी करून ठेवलं. "एवढ्या दाराला रंग मारून देऊ का, ताई? मजुरी नको."

"नको भाई. त्याला आता हात नका लावू."

आतून चावी आणून तिनं लेकीच्या हातात दिली. "सावकाश चालव."

आता श्रेया रोज ते मळकं दार उघडून गाडीत बसते आणि बिडकीनला जाते. ती परत येईपर्यंत सरिता जेवत नाही. मी रागावते, "जेव की गं, लेक लई नीट चालवते."

"व्हय काकू," ती म्हणते, "पण त्यांना बी तिच्या हाताची सवय व्हायला पाहिजे ना."